जोडीनं बसायचं

२ नोव्हेंबर

काल सामान आलं. टेम्पोवाला खोकी उतरवता उतरवता म्हणाला, "कपाट कुठं लावायचं, साहेबांना विचारा ना." साहेब नाशिकला आहेत म्हटलं. खरंच आहेत. जूनपासून आहेत.

वहीत नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं नाही असं ठरवलंय. शि. पुरे. पूर्ण लिहायला गेलं की पेन थांबतं.

शहराच्या कडेच्या सातारा परिसरातलं हे रो हाउस दोघांनी मिळून घेतलं. नुसता पाया होता तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी येऊन बघायचो. भिंती, स्लॅब, खिडक्यांची भोकं. किल्ली घ्यायला मात्र मी एकटी. तो फोनवर म्हणाला, "तू राहायला जा. माझं मला अजून कळत नाहीये."

स्वयंपाकघरात आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी बसवलेली नाही. नुसती ठेवलीय. पाय पडला की टक् वाजते. फरशीवाला बजावून गेलाय, वास्तुशांत झाल्याशिवाय पक्की करू नका, हिच्याखाली वास्तुपुरुष पुरायचाय.

वास्तुशांत. तिला जोडीनं बसायचं असतं.

५ नोव्हेंबर

नळाचा दिवस. शेजारच्या जोशी काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "अहो, पाणी आलं! झोपलात की काय?" धावले. हौद भरला, मोटर लावली, तर वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपाच्या सांध्यातून कारंजं. पुन्हा कधी येईल देव जाणे, आणि ते पाणी अंगणात चाललंय. प्लंबर म्हणाला उद्या येतो. उद्या काय कामाचा.

मग मीच. मोबाइलवर बघून. सांध्याला लावायची पांढरी टेप पहिल्यांदा उलट्या दिशेनं गुंडाळली, त्यामुळे पाइप आवळत गेले तशी ती सुटत गेली. पुन्हा सगळं खोललं. पुन्हा गुंडाळली. कोपरापर्यंत भिजले, पण गळायचं थांबलं.

इतका आनंद झाला की फोटो काढून शि.ला पाठवला. लगेच अंगठा आला. नुसता अंगठा. पायरीवर बसून त्या पिवळ्या अंगठ्याकडे बघत राहिले. पूर्वी त्यानं हजार सूचना केल्या असत्या. वैताग आणला असता.

९ नोव्हेंबर

शहागंजला गेले. ड्रिल, गिट्ट्या, स्क्रू, पुट्टी, पांढरं सिमेंट, थापी. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकाच्या टोकावर.

"मिस्त्री को भेज देते ना बाजी. आप कायकू आये इत्ती दूर?"

"मिस्त्री मैंच हूँ."

"हौ?" मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फिर ये भारीवाला नक्को. हात दुखता. ये हलका लेव." निघताना पुन्हा, "भाईसाब को बोलना, बिल सँभाल के रखना. गारंटी है."

सगळे मला त्याच्यासाठी निरोप देतात. टेम्पोवाला, बँकेतली मुलगी, आता हे चाचा. मी घेते. पुढं पोचवत नाही.

१२ नोव्हेंबर

पहिलं भोक माझ्या हातचं. कॉलेजातल्या नोकरीवरून आल्या आल्या करायला घेतलं. काकूंकडून चढायला घोडा आणला, त्या म्हणाल्या, "साहेब आले की लावतील की. एवढी काय घाई?" त्यांना काही माहीत नाही. म्हणजे मला तसं वाटतं.

ड्रिल अंगावर येतं. भिंतीतून लाल भुकटी माझ्या केसांत, पापण्यांवर. गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला, आरसा टांगला. खाली उतरून समोर उभी राहिले तर आरशात नुसतं कपाळ. भुवयांपासून वर.

लक्षात आलं काय झालं ते. भाड्याच्या घरी आरसा जिथं होता त्याच उंचीवर मी खूण केली होती. तिथं त्याला थोडं वाकावं लागायचं, मला टाचा उंचवाव्या लागायच्या. इतकी वर्षं टाचा उंचावून कुंकू लावलं आणि कधी खटकलं नाही. उलट बरं वाटायचं.

आज मोजताना हातानं तीच उंची धरली. मी नाही धरली. हातानं.

१३ नोव्हेंबर

आरसा खाली घेतला. माझ्या उंचीवर. वरची भोकं पुट्टीनं बुजवली, पॉलिश पेपर मारला. तरी दिसतात. रंगाचा एक हात द्यावा लागेल.

आता चेहरा पूर्ण दिसतो. फार काही बघण्यासारखं नाही. डोळे सुजलेत.

१६ नोव्हेंबर

पैठणहून आई आल्या. शि.च्या आई. न कळवता, एसटीनं, डोक्यावर गठुडं. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, अंगणात लावायला कढीपत्त्याचं रोप मुळासकट. गेटातूनच ओरडल्या, "वर्षा, कुत्रं बांधलंय का मोकळं हाय?" कुत्रं नाहीच म्हटलं. "मग घर कशापायी घेतलं एवढं?"

घरभर फिरल्या. ड्रिल उचलून बघितलं. "ही बंदूक कुणासाठी? माझ्या लेकासाठी आसंल तर दे हिकडं, म्याच मारते."

हसले. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. इतके दिवस मी त्यांना सांगत होते, तो कामामुळे अडकलाय. त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं, जोरात, लहान पोराचं पुसतात तसं.

"मला येडी समजती का गं? दिवाळीला आला नाय, तवाच कळलं मला. लई शहाणा झालाय शिऱ्या."

कुणी दुसरी आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. मीच म्हटलं, दुसरं कुणी नाही आई. त्या म्हणाल्या, "तेच तर वाईट. दुसरी आसती तर झिंज्या धरून आणली आसती."

१७ नोव्हेंबर

आईंचा पाय कोपऱ्यातल्या त्या फरशीवर पडला. टक्. थांबल्या, वाकून फरशी उचलली, खालची वाळू बोटानं चाचपली. "देव हितं झोपायचा. पालथा. आन् तू त्याला असा ताटकळत ठेवलाय व्हय?"

पौष लागायच्या आत वास्तुशांत करायची असं त्यांनी ठरवून टाकलं. म्हटलं, बसणार कोण? माझा भाऊ-वहिनी बसतील एक वेळ. त्या ऐकेनात. "घर तुझं. दुसऱ्याचं जोडपं कशाला? माझा मेला, म्हणून माझ्या शेजारचा पाट रिकामा. तुझा चांगला धडधाकट जिता हाय."

मग थोड्या वेळानं, भाकरी थापता थापता, "नायच आला तर सुपारी ठेव बाजूला. सुपारी बरी त्याच्यापरीस. बोलत नाय, पर जागची हलत बी नाय."

१९ नोव्हेंबर

आई गेल्या. स्टँडवर सोडायला गेले. बस हलली तरी खिडकीतून सांगत होत्या, रोपाला रोज पाणी घाल, पर लई घालू नको, मुळं कुजत्यात. मी मान हलवत बसबरोबर चालत राहिले. लोक बघत होते.

घरी आल्यावर घर आधीपेक्षा मोठं वाटलं.

२३ नोव्हेंबर

फरशीचे सांधे भरायला घेतले. बिल्डरच्या माणसांनी घाईत भरलेत, जागोजागी उखडलेत. पांढरं सिमेंट कालवायचं, ओलं बोट सांध्यातून फिरवायचं, कापडानं पुसायचं. हॉल झाला, पॅसेज झाला. गुडघे गेले कामातून. पण मन शांत होतं अशा कामात. एक सांधा, मग पुढचा.

स्वयंपाकघरात असताना शि.चा फोन. आईंनी त्याला झाडलं असणार. फोन स्पीकरवर ठेवला, हात भरलेले होते.

"आईच्या नादी लागू नको. भाऊ-वहिनीला बसव ना."

"तू येणार नाहीस?"

"येऊन काय करू? खोटं खोटं बसू?"

मी सांधे भरत राहिले. त्याला म्हटलं, एकदाच सांग, माझं काय चुकलं. तो म्हणाला, "तुझं काही नाही गं. मला तुझा राग नाही. मला घरी यावंसंच वाटत नाही. कुठल्याच घरी. दार उघडून आत जायचं म्हटलं की छातीवर काहीतरी बसतं."

डॉक्टरला दाखव म्हटलं. बरं म्हणाला. त्याच्या त्या 'बरं'चा अर्थ मला माहीत आहे.

मी पुढचा सांधा घेतला. फोन चालू. त्याच्याकडे कुठंतरी कुकरची शिटी झाली. म्हणजे स्वतः काहीतरी शिजवतोय. हे कळून इतकं बरं का वाटलं मला?

२४ नोव्हेंबर

सकाळी चहा ठेवायला गेले. काहीतरी चुकल्यासारखं. पुन्हा त्या कोपऱ्यात पाय टाकला. आवाज नाही.

काल बोलता बोलता ती फरशीही भरून टाकली. चारी बाजूंनी. व्यवस्थित, पुसूनबिसून. आजवर केलेल्या कामात सगळ्यात साफ तिथलंच झालंय. बोलण्याच्या नादात खाली सिमेंटचा गोळा गेला असणार, कारण दाबली तरी हलत नाही. दगड झालीय.

खाली बसून हसले. वास्तुपुरुषाची जागाच बुजवून टाकणारी मीच पहिली असेन.

३० नोव्हेंबर

आईंचा फोन. १४ डिसेंबरचा मुहूर्त. शि. 'हो' म्हणालाय. सकाळच्या पूजेला बसेल, संध्याकाळच्या गाडीनं परत जाईल.

"एवढं तर एवढं. पाटावर तर बसंल," आई म्हणाल्या. आवाजात विजय होता. मला 'नको' म्हणवेना. फरशीचं सांगितलं तेव्हा मात्र तो विजय ओसरला. मग, "अगं बाई! पक्की केलीस? देवाला काय छपरावर झोपवती आता?" आणि मग दोघी हसत सुटलो. त्या हसता हसता खोकल्या, मी हसता हसता रडले. त्यांना कळलं असेल. फोन ठेवताना म्हणाल्या, "काढू. निघती. समदं निघतं."

मी विचार करतेय. एक दिवसाचा नवरा. सकाळी सोवळं नेसून बसलेला, संध्याकाळी पाठीला बॅग लावून निघालेला. फोटोत आम्ही दोघं. शेजारचे जेवून म्हणणार, छान झालं हो.

४ डिसेंबर

गुरुजींकडे जाऊन आले. सामान विचारायचं होतं. आणि दुसरंही. म्हटलं, संकल्पात काय म्हणतात हो नेमकं?

गुरुजी तरुण आहेत, समजावून सांगतात. या वास्तूत राहणाऱ्या सगळ्यांचं क्षेम मागायचं. इथं त्यांना स्थैर्य मिळो. यजमान हातातून पाणी सोडतात. "तुम्ही पळी धरायची नाही ताई. तुम्ही नुसतं त्यांच्या हाताला हात लावायचा. त्यांनी केलं ते तुम्हीही केलं असं होतं."

"आणि यजमान नसले तर?"

"परगावी असले तर सुपारी घेऊन बसता येतं. सोय आहे."

"समोर बसलेले असून परगावी असले तर?"

गुरुजी हसले. त्यांना विनोद वाटला. मीही हसले मग, काय करणार.

परत येताना रिक्षात एकच घोळत होतं. इथं राहणाऱ्यांसाठी मागायचं. जो राहणार नाही, त्याच्या हाताला हात लावून मी काय मागू?

७ डिसेंबर

फरशी काढायला बसले. छिन्नी, हातोडी. पहिल्या घावाला कोपऱ्याचा टवका उडाला. हातच उचलेना पुढं. ठेवून दिलं.

दुपारभर खिडक्यांना जाळी लावली. तेवढं जमतं. डासांनी भंडावून सोडलंय.

काकू आल्या होत्या. घोडा न्यायला, पण बसल्या. म्हणाल्या, "माझे हे गेले तेव्हा मी पंखा बंद करायला विसरायचे. ते ओरडत नाहीत तर लक्षातच येत नव्हतं." एवढंच. मग घोडा न घेताच गेल्या. म्हणजे त्यांना माहीत आहे.

१३ डिसेंबर

आई कालपासून इथंच आहेत. शि. आज दुपारी आला. उद्या सकाळी येणार होता, एक दिवस आधी आला.

बेल वाजवली त्यानं. किल्ली आहे त्याच्याकडे. मी कुरिअरनं पाठवली होती.

बारीक झालाय. दाढीत पांढरं आलंय. दारात उभा राहिला, बूट काढायला वाकला आणि तसाच वाकून राहिला, जरा जास्तच. मला फोनवरचं आठवलं, छातीवर बसणारं ते. पाणी आणायला आत गेले. त्याला वेळ मिळावा म्हणून.

आईंसमोर मी त्याला अहो-जाहो करते, लग्नापासून. एकटे असलो की तू. आज म्हटलं, "चहा घेणार का तुम्ही?" आणि ते पहिल्यांदा खरं वाटलं.

आई म्हणाल्या, "आलास? बस. जाशील तवा सांगून जा म्हंजे झालं." त्यानं बॅग भिंतीशी ठेवली. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात गेला, कोपऱ्यात उकिडवा बसला. "करवतीचं पातं आहे का?" होतं. मी काढून दिलं. त्यानं एक टोक फडक्यात गुंडाळलं आणि सांध्यातून हळूहळू ओढायला लागला.

मग काय झालं कळलंच नाही. मी भुकटी पुसत गेले, तो पुढं सरकत गेला. त्यानं हात पसरला की मी स्क्रूड्रायव्हर ठेवायचे. त्यानं मान वळवली की मी टॉर्च वळवायचे. एक शब्द नाही. असेच आम्ही पूर्वी पंखा साफ करायचो, गादीला खोळ घालायचो. शरीरांना सगळं पाठ आहे. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

फरशी निघाली. अख्खी. तेवढा माझा टवका सोडला तर.

"छान भरलं होतंस," तो म्हणाला. "बिल्डरपेक्षा भारी."

त्यानं बेसिनवर हात धुतले आणि ओले हात तसेच धरून उभा राहिला. "टॉवेल कुठं असतो?"

एवढंच विचारलं. पाहुणा विचारतो तसं. मी दाखवला. हात पुसताना आरशात बघायला वाकला. "आरसा खाली लागलाय."

"माझ्या उंचीचा आहे."

"हां." मग टॉवेल परत टांगत, "बरोबर आहे."

आईंनी हॉलमध्ये त्याची गादी घातली. मी इथं आतल्या खोलीत, दार लोटून लिहितेय. मधे एक भिंत. तिच्यातून त्याचं खोकणं ऐकू येतं.

डॉक्टरकडे गेला होता म्हणे. त्यानं आईंना सांगितलं, मला नाही. दोनदा जाऊन आलाय.

१४ डिसेंबर

गुरुजी यायला अवकाश आहे. दूध तापतंय, तेवढ्यात चार ओळी.

आईंनी दोन पाट मांडलेत. रांगोळी काढलीय, वाकडीतिकडी, पाटांना जोडून. काकूंनी झेंडूचं तोरण बांधलं. माझ्या ओंजळीत आईंनी सकाळीच सुपारी ठेवली आणि मूठ मिटवली. म्हणाल्या, "तुझं तू ठरव. म्या त्याची आई हाय, मला इचारू नको." नाक ओढत रोपाला पाणी घालायला गेल्या.

पहाटे ठरवलं होतं. सुपारी घेऊन बसायचं. त्याला सांगायचं, तू हॉलमध्ये बस, जेव, जा. तुझ्यावर राग नाही, पण खोटं मागणार नाही. वाक्यं तयार होती. पाठ केली होती.

आंघोळ करून आला. धोतर नेसलंय, कसं नेसायचं विसरलाय, निऱ्या एका बाजूला गेल्यात. पाटांकडे बघितलं. मग माझ्या मुठीकडे. त्याला कळलं असावं आत काय आहे. लहानपणापासून बघितलंय की त्यानं हे सगळं.

वाटलं होतं, सुटल्यासारखा होईल. नाही झाला. चेहरा पडला त्याचा.

दाराच्या चौकटीला धरून उभा होता. म्हणाला, "वर्षा, मी बसू का?"

आईनं सांगितलं म्हणून बसतो, असं म्हणाला नाही. संध्याकाळची गाडी आहे, असंही म्हणाला नाही. राहीन, असंही नाही म्हणाला. काहीच सांगितलं नाही त्यानं. फक्त विचारलं. कालचं पातं आणि टॉवेल सोडले, तर जूनपासून त्यानं मला काही विचारलेलं हे पहिलंच.

मी म्हटलं, निऱ्या नीट कर आधी. आणि इथं स्वयंपाकघरात आले.

दूध वर आलंय. नव्या घरात उतू जाऊ द्यायचं असतं, म्हणून गॅस बंद करत नाहीये. गेटाशी गुरुजींची गाडी थांबली. तो अजून दारातच उभा आहे, निऱ्या हातात धरून, माझ्याकडे बघत.